सोलकढी उडवायची कशी?

गेल्या महिन्यात या सदरात मी काचेच्या बाटल्यांच्या प्रकाशयोजनेवर लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, पुढे काय हवंय? टपाल आलं ते जवळजवळ सगळं एकाच गोष्टीबद्दल: जाहिरातींतलं उसळतं दूध, उडणारं सरबत, हवेत थबकलेला थेंब. त्यातली काही पत्रं घेते. लेन्स कुठली घेऊ आणि कुठल्या कंपनीची घेऊ, ही पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्या प्रश्नांना दुकानदार माझ्यापेक्षा आनंदाने उत्तरं देतील.

ताई, मी लग्नाचे फोटो काढतो. आता एका पाण्याच्या बाटलीवाल्याचं काम मिळालंय. बाटलीवर पाणी आपटून उडताना त्याला हवंय. माझ्या कॅमेऱ्याचं शटर १/४००० पर्यंतच जातं. १/८००० वाला कॅमेरा घेऊ का? कर्ज काढावं लागेल. – मिरज

काढू नका. पाणी थांबवण्याचं काम शटरचं नाहीच, ते फ्लॅशचं आहे. आणि लग्नं करता म्हणजे दोन-तीन स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारे छोटे फ्लॅश, तुमच्या बॅगेत असणारच.

खोलीत अंधार करा. शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० किंवा २००. फ्लॅश न लावता एक फोटो काढा. तो ठार काळा यायला हवा. आता फ्लॅश जितका वेळ पेटेल तितकंच सेन्सरला दिसणार. शटर आधी उघडलं नि मागाहून मिटलं, तरी काही बिघडत नाही.

मग उजेड किती वेळ टिकतो हे बघायचं. अर्ध्या मीटरवरून सोडलेला थेंब खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटरच्या आसपास असतो. १/२०० सेकंदात तो दीड सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत थेंब न येता रेघ येते. १/१००० मध्ये सरकतो तीन मिलिमीटर. १/२०,००० मध्ये जेमतेम ०.१५ मिलिमीटर. शिवाय पाणी आदळल्या क्षणी जे बारीक कण सुटतात, ते पडणाऱ्या थेंबापेक्षाही वेगात जातात. कडा धारदार हव्या असतील तर १/१०,००० पेक्षा जास्त वेळ रेंगाळणारा उजेड कामाचा नाही.

स्पीडलाइट पूर्ण ताकदीवर मारलात तर त्याचा उजेड १/१००० सेकंद किंवा त्याहूनही जास्त टिकतो. तोच १/६४ वर आणला की बहुतेक फ्लॅशचा उजेड १/२०,००० च्या आसपास आटोपतो. स्पीडलाइट ताकद कमी करताना उजेड मंद करत नाही, मध्येच तोडतो. त्यामुळे ताकद जितकी कमी, तितकं पाणी जास्त गोठतं. लग्नात आपण उलट्या सवयीने काम करतो, हॉल मोठा म्हणून फ्लॅश वाढवतो. इथे ती सवय सोडा.

१/६४ वर उजेड अर्थातच फार थोडा मिळतो. त्याला दोन उपाय. फ्लॅश बाटलीच्या अगदी जवळ आणा, कारण अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. आणि एकाच्या जागी दोन, दोनाच्या जागी चार लावा; दर दुपटीला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, मिळतो. मित्रांकडून मागून आणा. या कामात चार साधे फ्लॅश एका भारी फ्लॅशला भारी पडतात.

तीन ठिकाणी मात्र जपा. हाय-स्पीड सिंकचं, म्हणजे वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवण्याचं, बटण बंद ठेवा. त्यात फ्लॅश एकदाच पेटत नाही, तो लुकलुकत राहून लांबलचक उजेड देतो, म्हणजे आपल्याला नको तेच करतो. दुसरं, स्टुडिओतले जुने मोठे फ्लॅश बहुधा उलटे वागतात: ताकद कमी केली की त्यांचा उजेड अधिक रेंगाळतो, कारण त्यांत फक्त व्होल्टेज कमी होतं. तिसरं, माहितीपत्रकावरचा आकडा. कंपन्या बहुतेक वेळा ‘टी ०.५’ छापतात, म्हणजे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ. त्यानंतरची शेपटीही फोटोत उमटते. ‘टी ०.१’ बघा; जुन्या पद्धतीच्या फ्लॅशमध्ये तो ढोबळमानाने तिप्पट असतो.

आम्ही घरच्या घरी आगळ (कोकमाचा घट्ट रस), कोकम सरबत आणि सोलकढी करतो. बाटलीभोवती सोलकढी उसळतेय असा फोटो लेबलसाठी हवा आहे. एका फोटोग्राफरने सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही गप्पच झालो. एका फोटोला एवढं कशाला? – कुडाळ

तुम्ही जो फोटो डोळ्यांपुढे ठेवलाय तो एक फोटो नसतो, म्हणून. बाटलीच्या डावीकडून उठलेली लाट एका फ्रेममधली, उजवीकडची दुसऱ्या, वरचे चार सुटे थेंब तिसऱ्या आणि मधली स्वच्छ बाटली चौथ्या. हे सगळं नंतर संगणकावर जोडतात. जोडलेलं कळू नये म्हणून प्रकाश आणि कॅमेरा दिवसभर जागचा हलवायचा नाही. म्हणजे खर्च क्लिकचा नसतो. तो तयारीचा, पुसण्याचा, पुन्हा भरण्याचा आणि नंतरच्या जोडकामाचा असतो.

तुमच्या मालाचं काय होतं ते सांगते, कारण सोलकढी हा छळवादी प्रकार आहे. चवीला गुणी, कॅमेऱ्यापुढे नाठाळ. नारळाच्या दुधात आंबट आगळ पडलं की थोड्या वेळाने ती फुटायला लागते: वर साय, खाली गुलाबी पाणी. म्हणून सेटवर ती एकदम करून ठेवत नाही. नारळाचं दूध दोनदा गाळून, गार ठेवून, आगळ वेगळं ठेवायचं आणि लागेल तेवढंच मिसळायचं. मिरची-कोथिंबीर उडवायच्या सोलकढीत नकोच. पेल्यात छान दिसते. हवेत तिचा ठिपका लेन्सवरच्या घाणीसारखा दिसतो आणि रीटच करणारा तो इमानेइतबारे पुसून टाकतो.

रंगाचं दुखणं वेगळं. पेल्यात सोलकढी पाच-सहा सेंटिमीटर जाड असते, हवेत तिचा पडदा होतो तेव्हा कागदाएवढा पातळ. तोच रंग पेल्यात गुलाबी आणि हवेत पांढरट दिसतो. कोकम सरबताचं तर विचारूच नका: बाटलीत जवळजवळ काळं, उडालं की फिकट गुलाबी पाणी. उपाय एकच, दोन घोल करायचे. उडवायला दाट, बाटलीत भरायला पातळ. दोन्ही तुमचंच सरबत, फक्त पाण्याचं प्रमाण वेगळं. आणि प्रकाश मागून हवा. सरबतासारख्या पारदर्शक द्रवावर समोरून फ्लॅश मारला तर त्याचा रंग मरतो. मागे ट्रेसिंग पेपर किंवा दुधी ॲक्रिलिक लावून त्यातून उजेड सोडला की कोकमाचा खरा लाल पेटतो. सोलकढी अपारदर्शक, तिला मागचा उजेड पुरत नाही. बाजूनेही हवा, नाहीतर राखाडी होते.

उसळीचा आकार दाटपणावर ठरतो. नुसतं पाणी लगेच फाटून बारीक थेंब होतात. थोडं दाट असेल तर त्याचा पडदा लांबवर ताणला जातो, कडेला गोल काठ येतो आणि जाहिरातीत आपण ज्याला लाट म्हणतो ती मिळते. म्हणून लोक ग्लिसरीन घालतात. शुद्ध ग्लिसरीन पाण्यापेक्षा हजारपटीहून अधिक घट्ट असतं, पण थोडंसं पाणी पडलं तरी भराभर सैल होतं, त्यामुळे हवा तो दाटपणा बेताबेताने साधता येतो. मुंबईत आम्ही ते प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणतो. सोलकढीला त्याची गरज नाही. जाड पहिल्या दुधाची केलीत की ती स्वतःच नीट उडते.

बाटलीवरचं ‘दव’ हा शब्दशः वरून मारलेला माल असतो. आधी बाटलीवर पारदर्शक लॅकरचा हलका हात, म्हणजे लेबल भिजत नाही आणि थेंब गोल बसतात. मग पाणी आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं, स्प्रेच्या बाटलीतून. ते दिवसभर हलत नाही. खरं दव दहा मिनिटांत ओघळून लेबलवर नाल्या पाडतं.

उडवण्याची पद्धत ऐकून तुम्हाला हसू येईल. बाटली मोठ्या टबात, तळाला ग्लू-गनने घट्ट चिकटवलेली, आणि बाजूने एक जण वाटीने सोलकढी भिरकावतो. वाटी रुंद तोंडाची की निमुळती, मनगट कुठे थांबवायचं, यावर लाटेचा आकार ठरतो. आमच्या स्टुडिओत हे काम सेटवरच्या एका मदतनीसाकडे, स्पॉटदादांकडे आहे. त्यांच्या मनगटाला मी फ्लॅश आपोआप उडवणाऱ्या कुठल्याही महागड्या ट्रिगरच्या आधी पैसे देईन.

आता सल्ला. लेबलसाठी तुम्हाला उसळी नकोच, असं माझं मत. सोलकढी ही जेवणाच्या शेवटी शांतपणे प्यायची गोष्ट. ती बाटलीभोवती थयथयाट करते हे बघून तुमच्याच गावच्या माणसाला हसू येईल. पेल्यात वरून धार पडतेय, काठाशी दोन थेंब उडालेत, एवढा फोटो काढून घ्या. तो एका फ्रेममध्ये होतो, रक्कम निम्म्याहून खाली येते. उसळी कोकम सरबताच्या उन्हाळी जाहिरातीसाठी राखून ठेवा.

मॅडम, मी फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॅरॉल्ड एडगर्टन या अमेरिकन संशोधकाने फ्लॅशच्या उजेडात दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला तसा करायचा प्रयत्न करतोय. एकतर क्षण चुकतो, नाहीतर मुकुटाची एक बाजू तुटलेली येते. – नाशिक

क्षण हाताने पकडायचा नाद सोड. डोळ्यांनी बघून बोट दाबायला आपल्याला सुमारे ०.२ सेकंद लागतं. तेवढ्यात सुटलेला थेंब २० सेंटिमीटर खाली गेलेला असतो. वर कॅमेऱ्याचा स्वतःचा विलंब. म्हणून अंधारात शटर ‘बल्ब’वर, म्हणजे हवा तितका वेळ उघडं ठेव आणि थेंब ओळखणाऱ्या वेगळ्या सेन्सरला फक्त फ्लॅश उडवू दे. थेंब लेझरची रेघ तोडतो, तिथून ठरावीक मिलिसेकंदांनी फ्लॅश. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), लेझर आणि फोटोडायोड (उजेड ओळखणारा सुटा भाग) एवढ्यात काम होतं. मुंबईला आलास तर लॅमिंग्टन रोड, नाहीतर नाशकातलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. काच फुटतानाचे, फुगा फुटतानाचे फोटो आवाजाच्या ट्रिगरवर घे. तिथे एक गंमत आहे: आवाज एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा विलंब वाढवायचा तर माइक मागे सरकवायचा, प्रोग्रॅमला हातही लावायला नको.

थेंब दर वेळी सारखाच पडायला हवा. औषधाच्या दुकानात सलाइनचा सेट मिळतो, त्याचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिली. पण वरची बाटली रिकामी होत जाते तसा दाब घटतो आणि थेंबांची चाल बदलते. बाटलीचं तोंड हवाबंद करून बुचातून एक नळी पार खालपर्यंत सोड, हवा फक्त तिच्यातूनच आत जाऊ दे. मग पाणी त्या नळीच्या टोकाच्या खाली जाईपर्यंत दाब सारखा राहतो. ही मॅरियटची बाटली. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत विचार, कुणीतरी दाखवेल. फोकस थेंबावर होत नाही, त्याच्या जागेवर होतो: थेंब पडतो तिथे स्क्रू उभा धर, त्यावर हाताने फोकस कर, ऑटोफोकस बंद कर, स्क्रू काढ.

मुकुटासाठी दुधाचा थर पातळ हवा, ताटलीत एक-दोन मिलिमीटर. खोल भांड्यात खड्डा पडून मधून खांब उठतो, मुकुट बसतो. तो खांबही वाया घालवू नकोस: दुसरा थेंब त्याच्या डोक्यावर आदळला की छत्री उघडते. दोन थेंबांत १०० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर ठेवून सुरुवात कर आणि पाच-पाच मिलिसेकंद मागेपुढे सरकव.

आता तुटलेली बाजू. ताटली आधी लेव्हलने तपास, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. तपासूनही तुटली तर तुटू दे. एडगर्टनचा प्रसिद्ध लाल-पांढरा मुकुट १९५७ चा, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात बसून थेंबांच्या मागे तो १९३० च्या दशकापासून होता. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये आर्थर वर्दिंग्टन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. तो अंधारात विजेची ठिणगी पाडायचा, डोळ्यांत उरलेली प्रतिमा कागदावर उतरवायचा. वर्षानुवर्षं त्याची चित्रं सुबक, सगळ्या बाजूंनी सारखी. १८९० च्या दशकात त्याला ठिणगीच्या उजेडात फोटो काढता आले आणि दिसलं, की खरे शिंतोडे वेडेवाकडे असतात, एखादा कोंब लांब, एखादा खुडलेला. सुबकपणा त्याचा हात आणि मन पुरवत होतं. मी हे मुद्दाम सांगते, कारण आज जाहिरातीत जी गुळगुळीत सारखी उसळी दिसते तीही बऱ्याचदा अशीच पुरवलेली असते, फक्त हाताऐवजी माउसने. कॉलेजच्या प्रकल्पात तुला ती लबाडी करायची गरज नाही. एक कोंब खुडलेला मुकुट लाव.

जाहिरातीतलं दूध खरं दूध नसतं, डिंक किंवा रंग असतो असं ऐकलं. मग ही फसवणूक नाही का? – ठाणे

काही वेळा असते, काही वेळा नसते. मी पाळते तो नियम असा: जे विकायचंय ते खरं हवं, आजूबाजूचं खोटं चालेल. बिस्किटाच्या जाहिरातीत मागे उसळणारं दूध पांढऱ्या रंगाचं असेल तर माझी हरकत नाही, कारण दूध कुणी विकत नाहीये. दुधाच्याच पिशवीवर तसं केलं तर हरकत आहे. बर्फ बहुधा ॲक्रिलिकचा असतो; खरा बर्फ दिव्याखाली वितळून सरबत पातळ करतो.

गोष्टी कोर्टापर्यंतही गेल्या आहेत. अमेरिकेत एका दाढीच्या फेसाच्या जाहिरातीत सॅंडपेपर चुटकीसरशी गुळगुळीत झालेला दाखवला होता; प्रत्यक्षात तो प्लास्टिकच्या काचेवर पसरलेली वाळू होती. १९६५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असं सांगितलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅम्पबेल सूपचं प्रकरण झालं: वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या वर राहतात आणि सूप भरगच्च दिसतं. गोट्या खोट्या नव्हत्या, सूपही खरंच होतं, तरी ती फसवणूकच. मला हे दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे बहुतेक लबाडी याच जातीची असते. आपल्याकडे १९८५ पासून जाहिरात क्षेत्राची स्वतःची परिषद आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खटकलेली जाहिरात दिसली तर तक्रार करता येते. करा.

टीव्हीवर चॉकलेटची धार इतकी सावकाश पडते, ते चॉकलेट घट्ट असतं की कॅमेरा हळू चालवतात? – डोंबिवली

उलट, कॅमेरा वेगात चालवतात. सेकंदाला १००० फ्रेम घेतल्या आणि २५ च्या गतीने दाखवल्या की एक सेकंद ४० सेकंदांचा होतो. त्यासाठी नेहमीच्या चाळीसपट उजेड लागतो, म्हणून तो सेट भट्टी असतो. आपल्या घरच्या ५० हर्ट्झ विजेवर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना कळत नाही, या कॅमेऱ्याला कळतं आणि चित्र लपलपतं. म्हणून दिवेही वेगळे. चॉकलेट मात्र कोमट आणि सैल केलेलंच असतं. घट्ट असतं तर पडलंच नसतं.

निवृत्त शिक्षक आहे. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. यातलं काही जमेल का? – बेळगाव

जमेल, गुरुजी, आणि वीज न वापरता. मोबाइलचा फ्लॅश विसरा, तो म्हणजे छोटी विजेरी, थेंब थांबवण्याइतका क्षणिक नाही. भर दुपारी अंगणात या. फोनच्या लेन्सचं ॲपर्चर बहुधा एफ/१.८ च्या आसपास असतं. कडक उन्हात आयएसओ १०० ठेवलं तर योग्य शटर येतं जवळपास १/८०००. प्रो मोडमध्ये जाऊन तेवढं किंवा १/४००० लावा. ऊन पाण्याच्या मागून येऊ द्या, पलीकडे गडद काहीतरी, ओला शेणसारवलेला ओटाही चालेल. नातवाला तांब्यातून पाणी भिरकवायला सांगा आणि बर्स्टवर, म्हणजे सलग भराभर, फोटो घ्या. मोबाइलचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे फार जवळचे थेंब तिरके दिसतील. दोन पावलं मागे व्हा.

माझा मुलगा बेडरूममध्ये दार लावून फ्लॅशपुढे पाणी उडवतो. जीव घाबरा होतो. त्याला काय सांगू? – पुणे

घाबरताय ते बरोबर आहे. फ्लॅशच्या आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही काही वेळ शेकडो व्होल्ट असतात, तेव्हा भिजलेला फ्लॅश उघडून बघायचा नाही, हे पहिलं. भिंतीच्या प्लगवर चालणारे फ्लॅश या कामाला नकोत. बॅटरीवर चालणारे वापरू दे. फ्लॅश पाण्याच्या पातळीच्या वर आणि पाणी ज्या दिशेने उडतं तिच्या विरुद्ध बाजूला, स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी. वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातली तर मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत पेटता दिवा) बंद, नाहीतर ती वितळते. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, खिडकीच्या गजाला टांगायचा. घरात ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच) नसेल तर वायरमन बोलावून आधी ते बसवून घ्या. त्याच्या छंदाइतकंच तुमच्या गिझरलाही ते हवंच आहे. टबमध्ये हात घातला की पुसल्याशिवाय बटणाला लावायचा नाही. दाराला कडी नको. आणि गादी आधी बाहेरच्या खोलीत काढून ठेवायची, तीही त्यानेच उचलून.